कलम सात (ग)

४ जून

खडू,

आज डेपोत बँड वाजला आणि तो मला ऐकू आला. यावरून किती मोठ्यानं वाजला असेल याचा अंदाज कर. एकतीस वर्षं इंजिनांशेजारी उभं राहून माझ्या कानांची जी वाट लागली आहे, तिच्यामुळे फोनवर तू काय बोलतोस ते मला कळत नाही. आणि मोबाइलवर एका बोटानं एवढं सगळं टाइप करायला बसले तर रिटायर होईपर्यंत पत्र पुरं व्हायचं नाही. तेव्हा कागदच बरा.

बँडचं निमित्त असं की साठ नव्या गॅसच्या बस आल्या. हिरव्यागार. बाजूला माणसाच्या उंचीचं पान रंगवलंय आणि खाली लिहिलंय, 'मी स्वच्छ इंधनावर धावते.' मॅनेजरनं फीत कापली, भाषण ठोकलं. मीही टाळ्या वाजवल्या, खोटं कशाला सांगू? एका गाडीच्या सायलेन्सरपाशी पांढरा रुमाल धरून बघितला, तो पांढराच राहिला. डिझेलच्या गाड्यांनी माझ्या वर्कशॉपच्या भिंती काळ्या केल्या, माझी नखं काळी केली, आणि त्या चालवता चालवता अप्पांची छाती काळी केली. शेवटची दोन वर्षं आपला बाप उशीला टेकून बसून झोपायचा, हे तुला सांगायला नको. त्यामुळे धूर गेला याचा मला आनंदच आहे.

पण दुपारी गाड्यांत गॅस भरायला घेतला आणि माझं नाक हुळहुळलं. साबणाचं पाणी घेऊन मी एकेक सांधा तपासत गेले. साठांतल्या अकरा गाड्यांच्या टाकीपाशी बुडबुडे. ते एक वेळ ठीक, नवी गाडी म्हटल्यावर थोडं आवळावं लागतं. मग कॉम्प्रेसरच्या खोलीत गेले. तिथला व्हॉल्व्ह थोड्या थोड्या वेळानं फुस्स करून गॅस सरळ आकाशात सोडतोय, आणि सील म्हणशील तर सगळी ढिली. बसवणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, "बाई, एवढं जातंच."

मी मॅनेजरला सांगितलं. तो म्हणाला, "नियमात फक्त सायलेन्सरमधून निघतं तेवढं मोजायचंय. वाटेत काय निसटतं ते मोजायचं नाही."

आता हा नियम तुमच्या खात्यातून आलाय. तू तिथे राजधानीत सहाव्या मजल्यावर बसून इंधनाच्या धोरणाचे कागद लिहितोस, म्हणून तुलाच विचारते. ज्या शहाण्यानं हे लिहिलं त्याचं नाव मला कळव. त्याला माझ्या कॉम्प्रेसरच्या खोलीत दहा मिनिटं उभा करायचाय.

ताई


१३ जून

ताई,

तुझं पत्र ऑफिसात उघडलं आणि एकटाच हसत बसलो. इथे मला खडू म्हणणारं कुणी नाही. इथे मी उपसचिव आहे. फळ्याखालचे खडू चोरून खायचो आणि ओठ पांढरे घेऊन घरी यायचो, हे इथे कुणाला ठाऊक नाही, आणि तू ठाऊक होऊ देऊ नकोस.

नियमाचं म्हणशील तर असे नियम समितीत ठरतात. बारा-पंधरा माणसं, दोन वर्षं बैठका. अमुक एकानं लिहिलं असं सांगता येत नाही.

पण त्यामागचा विचार समजून घे. उद्याच्या उद्या सगळ्या बस बॅटरीवर नेता येत नाहीत. तेवढ्या बस तयार नाहीत, डेपोंना तेवढी वीज नाही, आणि जी आहे ती अर्ध्याहून अधिक कोळशाची. मग तोवर डिझेलच जाळत बसायचं का? गॅस हा मधला टप्पा आहे. काजळी गेली, हे तू स्वतः रुमाल धरून पाहिलंस. अप्पांसारखा आणखी एखादा ड्रायव्हर खोकत मरणार नसेल तर ते काही कमी नाही.

राहता राहिला तिमाही दाखला. 'या बस स्वच्छ इंधनाचा निकष पूर्ण करतात,' असं त्यात असतं आणि त्यावर वर्कशॉप प्रमुखाची सही लागते. सही कर, ताई. सायलेन्सरपुरतं ते खरंच आहे. तुझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. आयुष्यभर नाकासमोर चाललीस, आता शेवटी कशाला डोक्याला ताप?

कानाचं यंत्र नवं घे म्हणून किती वेळा सांगू?

तुझा
खडू


८ जुलै

खडू,

महिनाभर लिहिलं नाही, कारण मोजत होते.

मी शिकलेली नाही तुझ्याइतकी, पण दोन मीटर वाचता येतात. एक मीटर डेपोच्या फाटकाशी, जिथून गॅसची नळी आत येते. दुसरे पंपांवरचे, जिथून तो गाड्यांत जातो. तीस दिवस रोज सकाळी सात वाजता मी दोन्हीकडचे आकडे वहीत उतरवले. आत शंभर आले तर गाड्यांत शहाण्णव गेले. रोज. मीटर खोटं असेल म्हणून मधल्या आठवड्यात ते बदलून लावलं. तरी शहाण्णवच.

मग वही घेऊन कॉलेजातल्या केमिस्ट्रीच्या बाईंकडे गेले. रोज आपल्या आठ नंबरच्या बसनं जातात, माझ्या ओळखीच्या आहेत. त्यांनी समजावलं ते असं : हा गॅस जळला तर ठीक, पण न जळता हवेत गेला तर तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी अधिक ऊब धरून ठेवतो. वीस वर्षांच्या हिशेबानं ऐंशी पट. शंभरातले दोन-तीन भाग जरी वाटेत निसटले तरी डिझेल सोडून जे कमावलं ते बहुतेक धुऊन जातं. आमचे चार निसटतात. म्हणजे बसवर पान रंगवलंय ते कशाचं, सांग मला!

आणि हो, पुन्हा मला अप्पांचा खोकला दाखवू नकोस. त्यांच्या उशाशी मी बसत होते. तू परीक्षा देत होतास, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, मीच तुला पाठवलं होतं. पण तो खोकला असा कागदावर वजन म्हणून ठेवायचा नाही. काजळी गेली म्हणून दुसरी घाण पाठीशी घालायची, हे त्यांनी ऐकून घेतलं नसतं.

दाखल्याचं असं झालं. मॅनेजरनं सोमवारी कागद पुढे केला. मी म्हटलं, "यात 'सायलेन्सरपुरता' एवढा शब्द घाला, लगेच सही करते."

"छापील कागद आहे हो, त्यात शब्द कसा घालणार?"

"मग छापील माणसाची सही घ्या."

तो हसला नाही. म्हणाला, "तुम्ही सही केली नाहीत तर साठ गाड्या उभ्या राहतील. लोकांचे हाल होतील."

"गाड्या चालवा, मी अडवत नाही. गॅसही भरा. फक्त माझ्याकडून खोटं लिहून घेऊ नका. आणि ती सील बदला, म्हणजे मी खरं लिहीन."

सील बदलायची तर कंपनीनं चूक कबूल करायला हवी, आणि नियमात चूकच नाही तर कंपनी कबूल कशाला करेल? असा तो गुंता आहे. मी सही केली नाही.

वर्तमानपत्रात वाचलं की हाच नियम आता देशभरच्या डेपोंना लावायचा मसुदा निघालाय आणि बारा ऑगस्टला राजधानीत जनसुनावणी आहे. मसुदा मागवून घेतला. कलम सात वाचलं. तीन ओळी आहेत. तीन ओळींत एवढं भोक!

ताई


१५ जुलै

ताई,

घाईत लिहितोय. तुझ्या मॅनेजरचं पत्र आमच्याकडे आलंय. 'कर्मचारी असहकार्य करीत आहेत' असं त्यात आहे. तुझं आडनाव पाहून साहेबांनी मला विचारलं, नात्यातली का. मी हो म्हणालो.

कृपा करून सुनावणीला येऊ नकोस. तिथे तुझी वही कुणी वाचणार नाही, उलट तुझ्यावर शिस्तभंगाचं प्रकरण होईल. कलम सात (ग) काही दगडावरची रेघ नाही. दोन वर्षांनी फेरविचार व्हायचाच आहे. तेव्हा मी आतून बघेन. माझ्यावर विश्वास ठेव, आणि सध्या तोंड मिटून राहा.

खडू


२२ जुलै

खडू,

तू लिहिलंस 'कलम सात (ग)'.

मसुदा माझ्यासमोर आहे. त्यात नुसतं 'कलम सात' आहे. क नाही, ख नाही, ग नाही. तीन ओळी सलग छापल्यात. मी कॉलेजातल्या बाईंना दाखवलं, म्हटलं मला दिसत नाहीय की काय. त्यांनाही दिसलं नाही. मग त्याच म्हणाल्या, "पहिल्या खर्ड्यात पोटकलमं असतील, छापताना काढली असतील. ज्यानं लिहिलं त्याच्याच डोक्यात ग असणार."

जूनमध्ये मी त्या शहाण्याचं नाव विचारलं होतं.

तुझ्या पत्रांवर मी आज चहा सांडला, मुद्दाम नाही. सुकवत ठेवलीत. (तुझी दोनच पत्रं आलीत हे मोजल्यावर लक्षात आलं. मला वाटत होतं तू खूप लिहितोस.)

इथली बातमी अशी की मला टायर स्टोअरला टाकलंय. वर्कशॉपच्या मागची पत्र्याची शेड, खिडकी एक, ती पण बंद. दिवसभर टायर आत घ्यायचे, नंबर लिहायचा, बाहेर द्यायचे. मॅनेजरला वाटतं मी आठ दिवसांत रडत येईन. त्याला माहीत नाही, मी नोकरीला लागले तेव्हा वर्कशॉपमध्ये बाईमाणूस म्हणून मला वर्षभर नुसते नट धुवायला बसवलं होतं. त्यातून जी बाई प्रमुख झाली तिला टायरांची भीती काय घालायची?

टायरांचं मला काही वाटत नाही. तुझं वाटतं. तेरा जूनला दोन शब्द लिहायचे होतेस, 'मीच तो.' मी चिडले असते, आठ दिवस शिव्या दिल्या असत्या, आणि मग आपण दोघं मिळून ते दुरुस्त कसं करायचं ते बघितलं असतं. त्याऐवजी तू मला 'तोंड मिटून राहा' म्हणालास. तुला बोलायला मी शिकवलं रे.

मी बारा ऑगस्टला येतेय. तुझ्या घरी उतरणार नाही.

ताई


३ ऑगस्ट

ताई,

हे चौथ्यांदा लिहितोय. तीन कागद फाडले, कारण प्रत्येकात मी स्वतःला चांगला करून दाखवत होतो.

कलम मी लिहिलं. माझ्या मूळ खर्ड्यात 'उगमापासून चाकापर्यंत' असे शब्द होते. इंधन जमिनीतून निघाल्यापासून चाक फिरेपर्यंत जे जे हवेत जाईल ते सगळं मोजायचं. क म्हणजे उगम, ख म्हणजे वाटेतली गळती, ग म्हणजे सायलेन्सर. साहेबांनी एका संध्याकाळी बोलावलं. गॅस पुरवणाऱ्यांची दोन माणसं बसली होती. अतिशय सभ्य. साहेब म्हणाले, "क आणि ख काढा, ग ठेवा. नाहीतर हे लोक विरोध करतील, नियमच होणार नाही, आणि आणखी दहा वर्षं डिझेल चालेल. तुम्हाला ते हवंय का?"

मला ते नको होतं. मी टेबलाशी बसून वीस मिनिटांत ग नव्यानं लिहिला. समोरचा चहा गार होण्याच्या आत. सहा महिन्यांनी बढती मिळाली. ती त्याचीच होती की नाही ते मी कधी विचारलं नाही, आणि विचारलं नाही यातच सगळं आलं.

मी स्वतःला सांगत राहिलो की थोडं तरी साधलं. तुझ्या वहीतले आकडे येईपर्यंत ते खरं वाटत होतं. 'आत शंभर, गाड्यांत शहाण्णव.' इतक्या वर्षांत आमच्या कुठल्याही फाइलमध्ये इतकं सोपं वाक्य मी वाचलं नाही.

तू ये. मी मंचावर असेन, खात्याच्या बाजूनं उत्तरं द्यायला मला बसवलंय. प्रश्न मला विचार. साहेबांना नाही, मला. आणि मी आडवळणं घ्यायला लागलो तर सोडू नकोस.

खडू


१४ ऑगस्ट

खडू,

परत पोचले. हे शेवटचं पत्र समज.

तू सांगितलंस म्हणून तुलाच विचारलं. सभागृहाचा तो कसला माइक, माझ्या कानाच्या यंत्रात नुसती शिट्टी घुमत होती. ते काढून पर्समध्ये टाकलं आणि उभी राहिले. माझा स्वतःचा आवाज मला पोटात जाणवतो, त्यावर बोलले. तीस दिवसांचे आकडे वाचले. शेवटी विचारलं, "निसटलेले चार कुणाच्या खात्यावर?"

तू उठलास. तोंडापुढे माइक, त्यामुळे ओठ दिसेनात. मी तुझ्या चेहऱ्यावरून वाचायला बघितलं, पण तू मान खाली घालून कागदात बघत होतास. बराच वेळ बोललास. मग तुझ्या साहेबांनी खांद्यावर हात ठेवला, तू बसलास, आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. पुढच्या रांगेतले ते सुटातले दोघं उठून एकमेकांशी बोलत होते.

मला काय कळायचं ते कळलं. शेजाऱ्याला विचारावं एवढंही त्राण राहिलं नाही. वही उचलली आणि बाहेर आले. जिन्यावर तू मागून येशील असं वाटून थोडी थांबले. मग गाडीची वेळ झाली.

सही मी आजही करणार नाही, उद्याही करणार नाही. तू तुझं बघ.

ताई


१९ ऑगस्ट

ताई,

अगं, काय समजलीस तू!

तुला यंत्र काढताना मी पाहिलं असतं तर माइक बाजूला सारून ओरडलो असतो. जिन्यावर मी आलो होतो. तू गेली होतीस. खाली फाटकापर्यंत धावलो, तिथे रखवालदारानं अडवलं, कारण बाहेर पडतानाही पास दाखवावा लागतो आणि तोवर माझा काढून घेतला होता.

मी काय बोललो ते लिहून पाठवतो. सुनावणीचा लेखी वृत्तांत निघालाय, त्यातूनच उतरवतोय, म्हणजे पुन्हा चांगला करून दाखवल्याचा आरोप नको.

'प्रश्न विचारणाऱ्या बाईंचे आकडे बरोबर आहेत. ते निसटलेले चार कुणाच्याच खात्यावर नाहीत, कारण मी तसं लिहिलं. कलम सातचा मजकूर माझा आहे. मूळ खर्ड्यात गळती मोजायची तरतूद होती. ती मला काढायला सांगितली आणि मी काढली. हे कलम चूक आहे. अध्यक्षांनी मूळ खर्डा मागवून घ्यावा, तो फाइलमध्ये आहे, पान एकशे बारा.'

साहेबांनी खांद्यावर हात ठेवला तो मला खाली बसवायला. चांगला जोरानं दाबला, अजून दुखतोय. "बसा, पुरे झालं," म्हणाले. तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "त्यांना पुरं करू द्या." टाळ्या वाजल्या त्या त्यानंतर, आणि त्या माझ्यासाठी नव्हत्या. लोक वळून तुझ्याकडे बघत टाळ्या वाजवत होते, आणि तू पर्स आवरत होतीस!

सुटातले दोघं उठले ते फोन करायला बाहेर.

अध्यक्षबाईंनी पान एकशे बारा मागवलं. मला नोटीस मिळाली आहे आणि माझी बदली अभिलेख विभागात झाली आहे, तळघरात. जुन्या फाइलींवर क्रमांक टाकायचे. टायरांसारखंच समज.

वाईट वाटत नाही असं म्हटलं तर खोटं होईल. मुलीनं विचारलं, "बाबा, तुम्हाला शिक्षा झाली?" मी म्हटलं, हो. ती म्हणाली, "मग खरं बोलला असणार." हे ती कुठून शिकली मला माहीत नाही.

खडू


२७ ऑगस्ट

खडू,

पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा स्टोअरमध्ये टायरांच्या चळतीवर बसून, मोठ्यानं. कुणी ऐकलं असेल तर ऐको.

मी मूर्ख आहे. नवं यंत्र घेतलंय, तू जिंकलास. आता फिटरांच्या शिव्याही ऐकू येतात, काही अगदी नव्या आहेत.

तुला शाबासकी देणार नाही. आधी भोक पाडलंस, मग बुजवायला उठलास, त्यात शाबासकी कसली? पण तुझं ते भाषण मी वर्कशॉपच्या फलकावर लावलंय. मॅनेजरनं काढलं. जाड्या फिटरनं परत लावलं. मॅनेजरनं पुन्हा काढलं. आता त्याच्या केबिनच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे, कुणी ते कुणालाच माहीत नाही.

जाड्यालाच माझ्या जागी प्रमुख केलं होतं. तिमाही दाखला त्याच्यापुढे ठेवला तर तो म्हणाला, "बाईंनी केली नाही ती सही मी कशी करू? मला त्यांच्याएवढंही येत नाही." त्यालाही काढलं. त्याच्यानंतरच्यानं सुट्टी टाकली. त्याच्यानंतरची ऑइलवाली, ती तर सरळ म्हणाली, "आधी सील बदला." आता डेपोत सही करायला माणूस उरलेला नाही. वरून एक पाहुणा अधिकारी पाठवला, त्यानं कॉम्प्रेसरच्या खोलीत पाऊल टाकलं, वास घेतला, आणि पेन विसरल्याचं सांगून निघून गेला.

नेटानं राहा. तळघरात ओल असेल, पायांत काहीतरी घाल.

ताई


५ डिसेंबर

ताई,

नियम निघाला. काल संध्याकाळी राजपत्रात छापून आला. कलम सात आता दीड पान आहे.

'उगमापासून चाकापर्यंत' हे शब्द आहेत. गॅसच्या प्रत्येक डेपोत दोन्ही मीटरचे आकडे रोज जाहीर लावायचे. शंभर भागांत अर्ध्या भागाहून अधिक निसटलं तर त्या गाड्यांना 'स्वच्छ' म्हणता येणार नाही आणि पुरवणाऱ्यानं सील स्वतः बदलून द्यायची. शहरातल्या मार्गांवर यापुढची खरेदी बॅटरीच्या बसची.

सगळं मिळालं असं समजू नकोस. आधी मागवलेल्या गॅसच्या गाड्या यायच्याच आहेत. लांब पल्ल्याला तीन वर्षांची सूट दिली आहे, ती गॅसवाल्यांनी शेवटच्या आठवड्यात मिळवली. आणि एक गोष्ट मी तळघरातून लिहून पाठवली होती ती घेतली आहे : वीजही उगमापासूनच मोजायची. बॅटरीची बस कोळशाच्या विजेवर धावत असेल तर तेही फलकावर लिहायचं. साहेब कुणालातरी म्हणाले म्हणे, "हा माणूस स्वतःच्या लाडक्या बसलाही सोडत नाही." बॅटरीवाले नाराज आहेत. होऊ देत. एकदा एकाची बाजू घेऊन बघितली.

माझं नाव कुठे नाही, तुझंही नाही. नोटिशीचा निकाल : एक वेतनवाढ बंद, आणि मुक्काम तळघरातच. इथे मी चाळीस वर्षांपूर्वीच्या बस-धोरणाच्या फाइली वाचतोय. तेव्हाही कुणीतरी समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, 'हे चूक आहे.' खाली सही नाही. मी आता तिथे तारीख घालून माझी सही करतो.

तुझं काय झालं? वर्कशॉपला परत घेतलं का?

खडू


२० जानेवारी

खडू,

गेल्या सोमवारी मॅनेजर स्टोअरमध्ये आला. सहा महिन्यांत पहिल्यांदा. बसायला टायर दिला. त्यानं पँट झटकली आणि उभाच राहिला.

म्हणाला, "बॅटरीच्या वीस बस येताहेत. वर्कशॉपला प्रमुख लागेल. तुमच्याशिवाय कुणी नाही."

"सात महिने राहिलेत माझे."

"तेवढ्यात गाड्या मार्गी लागतील. उद्यापासून या. फक्त एवढ्यावर सही करा, प्रकरण मिटवायला."

कागद वाचला. 'जून-जुलै महिन्यांतील गळतीचे आकडे उपकरणातील दोषामुळे आले होते, असे मी मान्य करते.'

मी म्हटलं, "नियम बदलला, सील बदलली, आता आत शंभर आले तर गाड्यांत साडेनव्याण्णवच्या वर जातात, मग दोष उपकरणात कसा?"

"अहो, एका ओळीचा प्रश्न आहे. कंपनीला तेवढं हवंय. कुणाचं काय जातंय?"

"तुमच्याकडे पेन आहे?"

त्याचा चेहरा खुलला. मी ती ओळ आडवी खोडली, खाली लिहिलं, 'आकडे बरोबर होते. पुन्हा मोजून दाखवायला केव्हाही तयार आहे,' आणि झोकात सही केली. माझी इतकी देखणी सही आजवर झाली नसेल. तो कागद घेऊन निघून गेला. म्हणजे मी टायर स्टोअरलाच. ऑगस्टात इथूनच रिटायर होईन असं दिसतं, आणि होईना का.

पण ऐक. त्या बसची पुस्तकं मी कॉलेजातल्या बाईंकडून आणवून घेतली होती. दुपारी जेवणाच्या सुट्टीत इथे ती टायरांवर पसरून आम्ही वाचतो. आधी जाड्या आणि ऑइलवाली आले, मग अकरा झाले, आता शेडमध्ये मावत नाहीत. बंद खिडकी त्यांनीच उघडली, पहार लावून. मॅनेजरला सगळं माहीत आहे. तो त्या वेळेला जेवायला लांब जातो.

आज सकाळी पहिली बस फाटकाशी येऊन उभी राहिली. नव्या प्रमुखाला वरून पाठवलंय, चांगला माणूस आहे, पण तिला चार्जरला लावायच्या आधी काय काय तपासायचं हे त्याला ठाऊक नाही, आणि त्यानं ते कबूल केलं, हे मला आवडलं. हे पत्र अर्धं राहिलं होतं ते पुरं करत बसले होते. मान वर करून बघते तर दारात तो, त्याच्यामागे सगळे फिटर, आणि सगळ्यात मागे मॅनेजर, तोंड दुसरीकडे करून. बस इथे फाटकात अडकून पडली आहे आणि सगळा डेपो टायर स्टोअरच्या दारात उभा आहे.

थांबते. त्यांना आत घ्यायला हवं.

ताई